चांदीसारखा पाइप

"काळा नको. काळा लावला तर स्वयंपाकघरात इंजिन उभं केल्यासारखं दिसेल," इनासकाका दुकानदाराला सांगत होते. "पांढरा दाखव. चकचकीत."

मी माणिकपूरच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या खोक्यांपाशी, आईच्या औषधांची पिशवी छातीशी धरून उभी होते. मला बरोबर आणलं होतं ते दोन कारणांसाठी. औषधांची नावं मला वाचता येत होती, आणि परतताना रिक्षात पाइप धरून बसायला कोणीतरी हवं होतं. दुकानदाराने दोन्ही पाइप काउंटरवर आडवे ठेवले आणि पान्याने एकेकावर टिचकी मारल्यासारखं मारलं. काळा जाड होता, त्याचा आवाज दबका आला. पांढरा ठणठणला. "चुलीसाठी लोक काळाच नेतात, शेठ," तो म्हणाला, आणि मग काकांचा चेहरा बघून लगेच वळला. "पण तुम्हाला शोभा पाहिजे तर ये लो. एकदम चांदी. गंज नाही, काही नाही."

"तेच म्हणतो ना मी. आमच्याकडे खारं वारं आहे. काळा दोन पावसाळ्यांत सडेल."

त्या वर्षी शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात लोखंडावर जस्ताचा थर देण्याविषयी एक धडा होता. ते जस्त तापलं की काय होतं, याची एक ओळही त्यात होती. ती ओळ इंग्रजीत मला तोंडपाठ होती. मराठीत ती कशी सांगायची हे जुळवेपर्यंत काका मापं सांगू लागले होते. मी एवढंच म्हणाले, "काका, ह्याच्यावर झिंक असतं."

"काय असतं?"

"झिंक."

"बरं असतं ना मग?"

"झिंक म्हणजे बेस्ट, बेबी," दुकानदार म्हणाला, आणि दोघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. काका मला लाडाने 'मॅडम' म्हणत, आणि मॅडम काहीतरी बोलली याचंच त्यांना कौतुक वाटलं. पाइपाचे तुकडे सुतळीने बांधून झाले. नंदाखालला, आमच्या गावी, पोचेपर्यंत ते माझ्या मांडीवर होते, त्यांचं एक टोक रिक्षाबाहेर, आणि प्रत्येक खड्ड्याला ते असे वाजत की वाटेतली माणसं वळून बघत. काकांना ते आवडत होतं.

आमच्या घराला दोन स्वयंपाकघरं होती, जशी तेव्हा गावात बऱ्याच घरांना असत. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी, तिच्यावर चहा आणि पाहुण्यांसाठीचं काय ते. खरा स्वयंपाक मागच्या चुलीवर होई. वाडीत कामाला येणाऱ्या माणसांचा भात, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी, सुक्या बोंबलांचं कालवण, जनावरांसाठी शिजवायचा कोंडा. वाडीतली सोडणं म्हणजे नारळाची सालं, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या यांचा ढीग मागच्या अंगणात कायम असे, आणि फुकटचं जळण दारात असताना सिलिंडर जाळणं हा आमच्याकडे उधळेपणा समजला जाई. आई त्या चुलीपुढे पहाटेपासून असायची. नारळाचं सोडण ओलं असलं की पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग ती फुंकणी घेऊन वाकायची, आणि फुंकर आणि खोकला यांतलं अंतर वर्षागणिक कमी होत गेलं. आम्ही मुलं तो खोकला ऐकतच मोठी झालो, आणि आवाज रोजचा असला की तो ऐकू येत नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हाही पाहत होते. चुलीच्या बरोबर वर छपराची काही कौलं आईने सैल ठेवली होती. कोपऱ्यात एक लांब बांबू उभा असे. वारा कुठून आहे हे ती मागच्या दारात उभी राहून बघायची आणि बांबूने कधी हे कौल उचलायची, कधी ते, आणि फटीत करवंटी अडकवून द्यायची. धूर तिथून निघून जाई. सगळा नाही, पण पुष्कळ. पावसात कौलं बंद करावी लागत आणि तेव्हा तिचे हाल होत, हेही खरं. तरी धुराचा आणि तिचा एक व्यवहार होता, आणि तो तिच्या हातात होता.

डॉक्टरांनी दमा सांगितला, आणि धुरातून बाहेर काढा असं सांगितलं, तेव्हा घरात प्रथमच तिच्या खोकल्याविषयी बोलणं झालं. बोलणं पुरुषांचं झालं. पप्पा मुंबईला ऑफिसात कारकून होते, घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असे, "इनासला विचारा." इनासकाका त्यांचे मोठे भाऊ, वाडी तेच बघत, शिवाय मनवेलपाड्याला ज्या इमारती उठत होत्या त्यांना रेती-विटा पुरवत. काकी गेल्यापासून त्यांचं जेवणखाण आमच्यातच होतं, आणि आईविषयी त्यांना माया होती, हे मला आजही खोटं म्हणवत नाही. चुलीला धुराचा पाइप बसवायची कल्पना त्यांचीच. आधी ते इमारतीच्या कामावर उरलेला सिमेंटचा पाइप आणणार होते. तेव्हा आई बोलली होती. "तो नको. फिलूच्या माहेरी लावला होता, तापून फुटला. भाताच्या टोपात तुकडे पडले." फिलूमावशी आमची शेजारीण, ती साक्षीला आली, आणि तो पाइप रद्द झाला. या सगळ्या प्रकरणात आईचं ऐकलं गेलं ते तेवढंच.

(आमच्या घरची बोली मी इथे लिहीत नाही. ती मला बोलता येते, लिहिता कधी आली नाही. शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये पुस्तकी मराठी, आणि घरात बोली, अशा तीन खोल्यांमधून मी ये-जा करत असे, आणि बहुतेक वेळा मधल्या दारातच अडकलेली असे. लोकांना वाटायचं मुलगी गर्विष्ठ आहे. फिलूमावशी म्हणायची, "हिला जीभ दिली देवाने, पण चावी द्यायला विसरला.")

पाइप बसवायला काकांनी बस्त्यावला बोलावलं. बस्त्याव गावातली सगळी छपरं शाकारायचा. मोठ्या पावसाच्या आधी त्याच्यासाठी माणसं दारात बसून राहत, इतका त्याचा हात चांगला. तो छपरावर चढला, चुलीवरची ती सैल कौलं काढली, पाइपापुरती जागा केली आणि वरून ओरडला, "वरचा तुकडा खालच्याच्या आत घालू की बाहेरून?"

"तुला काय वाटतं?" काका खालून.

"कौल कसं बसतं? वरचं खालच्यावर. पाणी आत शिरता कामा नये."

"मग तसंच कर."

आणि तसंच झालं. प्रत्येक वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर टोपीसारखा बसवला. बघणाऱ्या कोणालाही त्यात चूक दिसली नाही. आमच्याकडे छप्पर म्हणजे पाऊस, आणि पाऊस बाहेरून येतो. पाइपाच्या आतूनही काही खाली उतरत असेल, हे ज्यांनी जन्मभर कौलं बसवली त्यांच्या मनात येणारच कसं? पाइप छपराबाहेर जरासाच ठेवला, छपराच्या कण्याच्या, म्हणजे माथ्याच्या, पुष्कळ खाली, कारण उंच नेला तर रस्त्यावरून घर बेकरीसारखं दिसेल असं काकांना वाटलं. मग बस्त्यावने भोवतीच्या फटी चुन्या-सिमेंटने लिंपून टाकल्या आणि आईची सगळी सैल कौलं पक्की केली. बांबू मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेला.

पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा अर्धी आळी बघायला आली होती. पाइप खरोखर चांदीसारखा चमकत होता. आईने सोडणं पेटवली, धूर पाइपात खेचला गेला, आणि बायकांनी "अगो!" केलं. फिलूमावशी म्हणाली, "आता हिला पावडर लावून स्वयंपाक करायला हरकत नाही." सगळ्या हसल्या, आईही हसली. मग पाइप तापला आणि एक वास आला. गोडसर, धातूचा, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. पाइपाचा खालचा भाग पांढुरका पडला, चमक गेली. "नवेपणाचा वास आहे," काका म्हणाले, "दोन दिवसांत जाईल." त्या संध्याकाळी आईला मळमळलं आणि अंग गरम झालं. ते दिवसभराच्या दगदगीवर ढकललं गेलं. मी माझ्या पुस्तकातली ती ओळ पुन्हा काढून वाचली. जस्त फार तापलं की त्याची विषारी वाफ होते. ती तशीच होती.

वास दोन-चार दिवसांत खरंच गेला, आणि काकांचं खरं ठरलं. मग काळं पाणी सुरू झालं. ओल्या सोडणांचा धूर वर गार पडतो आणि त्याचं डांबरासारखं पाणी होऊन पाइपाच्या आतून खाली उतरतं. तुकडे ज्या पद्धतीने बसवले होते त्यात ते पाणी प्रत्येक जोडापाशी बाहेर येई, पाइपावरून ओघळे, चुलीवर, तव्यावर, आईच्या डोक्यावरच्या पदरावर टपके. जिथून पाणी बाहेर येई तिथून धूरही येई. आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की आखूड पाइपाच्या तोंडातून तो सरळ आत घुसे आणि सगळा धूर उलटा चुलीतून खोलीत लोटला जाई. पूर्वी तो कौलांमधून गेला असता. आता कौलं पक्की होती. पाइप जिथे लाकडी वाश्याला घासून जात होता तिथला वासा तपकिरी पडत चालला, म्हणून आईने त्याच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. दिवसातून कितीदा तरी ती स्टुलावर चढून त्यावर पाणी मारायची. हे काम तिचं नवीन. ते कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि करताना कोणी बघितलंही नाही, मी सोडून.

आज माझ्या घरात बटणावर चालणारी चिमणी आहे. परवा तिची जाळी धुताना माझ्या बोटांना तसलंच काळं चिकट लागलं आणि मी नळ बंद करून उभी राहिले. चुलीच्या पाइपाविषयी मला आता सगळं ठाऊक आहे. जाड काळा पाइप हवा, वरचा तुकडा खालच्याच्या आत उतरायला हवा, म्हणजे आतलं पाणी आतच राहून पुन्हा आगीत पडतं. तोंड कण्याच्या वर हवं, आणि लाकडापासून हातभर लांब. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मी हे आता न अडखळता सांगू शकते. विचारणारं कोणी नाही.

आईचा खोकला वाढला, पण आता तो वेगळ्याच अडचणीत सापडला होता. पूर्वी ती खोकली की निदान कोणीतरी "फार धूर झालाय" म्हणे. आता धूर उरलाच नव्हता, कारण पाइप होता. संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, आम्ही सगळे पुढच्या खोलीत गुडघ्यांवर बसत असू. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग काका म्हणत, दुसरा आम्ही. आईचा आवाज मध्येच तुटायचा, मग शिट्टीसारखा श्वास, मग शेवटचे दोन शब्द ती आमच्या मागून म्हणायची. हळूहळू सगळे तिच्यासाठी जरा थांबायला शिकले. घराने तिच्या दम्याशी केलेली तडजोड ती एवढीच. एकदा रोझरी संपल्यावर काका तिला म्हणाले, अगदी मऊपणे, "एवढा पाइप लावला तुझ्यासाठी, तरी बरं वाटत नाही?" आई म्हणाली, "वाटतं की. पुष्कळ बरं वाटतं." तिला दुसरं काय म्हणता आलं असतं? भेट दिलेली वस्तू वाईट आहे असं तोंडावर सांगायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि ते सांगायला लागणारा श्वासही तिच्याकडे नव्हता.

मी पप्पांना सांगून पाहिलं. रविवार होता, चर्चमधली मिस्सा झाली होती, ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी एक पेला दुसऱ्या पेल्यात घालून दाखवला, मग उलटा करून दाखवला. कौलावर पाणी बाहेरून येतं, पाइपात आतून येतं, असं म्हणाले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "बरोबर वाटतंय तुझं," ते म्हणाले. मग त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "इनासला सांग." ते स्वतः सांगणार नव्हते. आयुष्यात त्यांनी मोठ्या भावाला कधी "तुझं चुकलं" म्हटलं नव्हतं, आणि ते पाइपासाठी म्हणतील अशी अपेक्षा करणं मलाच जास्त वाटलं. मी काकांकडे गेले. ते बस्त्यावशी बोलत होते. बस्त्यावला दुसऱ्या आळीतून तसाच पाइप बसवायचं काम आलं होतं, आमचा बघून. काका मला म्हणाले, "काय मॅडम?" मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

मग गावचा सण आला. सणाला आमच्याकडे फुगे हवेतच. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून पीठ रात्रभर फुगवायचं, आणि सकाळी मुठीत घेऊन अंगठ्याजवळून पिळून त्याचे गोळे तेलात सोडायचे. चांगला फुगा तेलात आपला आपण उलटतो. आईच्या मुठीतून ते इतके सारखे पडत की फिलूमावशी म्हणायची, "हिच्या हातात साचा आहे." दोन्हीकडचे पाहुणे येणार होते. मोठी कढई मागच्या चुलीवरच बसत होती. उजाडल्यापासून चूल भरभरून पेटवलेली, वारा मात्र त्या दिवशी सकाळीच सुटला. धूर पाइपाच्या जोडांमधून, चुलीच्या तोंडातून, सगळीकडून येऊ लागला. वरून काळे थेंब कढईत पडू नयेत म्हणून आईने एका हाताने ताट वर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने फुगे सोडत होती. मी झारा घेऊन बाजूला होते. तिच्या छातीतून शिट्टी येत होती ती आता प्रत्येक श्वासाला येत होती. "आई, बस ना जरा," मी म्हणाले. ती मान हलवून नाही म्हणाली. मग तिच्या मुठीतलं पीठ सगळं एकदम कढईत पडलं, एकच मोठा बेढब गोळा, आणि ती चुलीपुढे खाली बसली. तिचे ओठ जांभळे दिसत होते. ताट अजून हातात होतं.

माणिकपूरच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं आणि तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क बांधला. सणाच्या कपड्यांतच आम्ही सगळे तिथे उभे होतो. काकांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याच्या बाहीवर आईला उचलताना लागलेला काळा ओरखडा. पप्पा भिंतीला टेकून. फिलूमावशी आईचे पाय चोळत होती आणि तिच्या हातांना तिच्या घरच्या फुग्यांचं पीठ तसंच होतं. बाहेरच्या बाकावर गावातली आणखी दोन माणसं होती, त्यांनी दारातून डोकी आत घातली होती. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात चूल आहे का अजून?"

"चूल आहे," काका म्हणाले, "पण आता पाइप बसवलाय, डॉक्टर. तुम्ही सांगितलंत तसं लगेच केलं. धुराचं नावसुद्धा नाही. हवं तर येऊन बघा."

ते खोटं बोलत नव्हते. पहिल्या दिवसानंतर चूल पेटलेली असताना ते मागच्या स्वयंपाकघरात कधी थांबलेच नव्हते, आणि आज शिरले तेही आईला उचलून बाहेर काढण्यापुरते. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो दुकानातला पाइप.

"मग धूर नाही," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले आणि लिहायला लागले. "धूळ असेल. नाहीतर मनाचं काही. घरात टेन्शन आहे का काही? आपण गोळ्या वाढवू."

आईचे डोळे मास्कच्या वर उघडे होते. तिने हात उचलला, बोटं हलवली, जणू वर काहीतरी दाखवायचं होतं. फिलूमावशीला वाटलं तिला भीती वाटतेय, तिने तो हात धरून खाली ठेवला आणि थोपटला. "उगी, उगी. बरं वाटेल." आईने डोळे मिटले. डॉक्टरांचं पेन चालत होतं. मी पप्पांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्या खोलीत माहीत असून बोलू शकेल असं आणखी कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं तेव्हा पहिल्यांदा काही आवाजच आला नाही. दुसऱ्यांदा आला तो मला वाटला त्याहून फार मोठा होता, दारातली माणसं दचकली, आणि तो आमच्या घरच्या बोलीत होता.

"नाही डॉक्टर, धूर आहे. आमचा पाइप उलटा बसवलाय. सगळा धूर आईच्या अंगावर येतो."